सीट निवडायचे चार हजार

प्रश्न: आम्ही मनीषनगरला राहतो. नणंदेने बंगळुरूला फ्लॅट घेतलाय, त्याची वास्तुशांत आहे. मी, मिस्टर, सात वर्षांचा मुलगा, साडेतीन वर्षांची मुलगी आणि सासूबाई असे पाच जण जाणार आहोत. सासूबाई पहिल्यांदाच विमानात बसतील, त्यांचे गुडघे दुखतात. नागपूरहून थेट विमानाचं तिकीट एका बाजूला माणशी ५,२०० रुपये, म्हणजे पाच जणांचे जाऊन-येऊन ५२,०००. पुढे गेलं की सीट निवडायला सांगतात. शेजारशेजारच्या सीटना प्रत्येकी ४०० पडतात, म्हणजे ४,००० वरून. सीट, खाणं आणि तारीख बदलायची सवलत असं पॅकेज घेतलं तर माणशी दर फेरीला ९०० जास्त. मिस्टर म्हणतात सीटसाठी एक पैसा देऊ नको, कुठेही बसू. त्यांना दोन वेगळी बुकिंगही करायची आहेत, कारण जातानाचं तिकीट दोघांसाठी शोधलं तर ४,७०० दाखवतं. मुलगी अनोळखी लोकांमध्ये बसेल या विचारानेच माझ्या पोटात गोळा येतो. प्रवासासाठी आरडीचे ७५,००० आहेत, त्यातच ११,००० चा आहेर करायचा आहे. पैसे कमी पडले तर तिकिटं नो-कॉस्ट ईएमआयवर घ्यावीत का?

ताई, आधी पोटातल्या गोळ्याचं बोलू, आकडे मग. कारण हे चार हजार तुम्ही सीटसाठी नाही, त्या गोळ्यासाठी देणार आहात.

एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, सगळ्या कंपन्यांना सांगितलं की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगच्या क्रमांकावर, प्रवास करणाऱ्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाजवळ जागा द्यायची आणि तशी नोंद ठेवायची. तुमची दोन्ही मुलं यात बसतात. तेव्हा मुलगी बाराव्या रांगेत आणि तुम्ही सव्विसाव्या, असं व्हायला नको. त्यासाठी पैसे भरायचीही गरज नाही.

हे तिकीट काढताना ठळकपणे कोणी सांगत नाही. पडद्यावर सीटांचा रंगीत नकाशा येतो, प्रत्येक चौकोनाला किंमत असते, आणि पैसे न देता पुढे जायचा पर्याय कुठेतरी कोपऱ्यात असतो. सीट निवडण्याचे पैसे कंपनी घेऊ शकते, त्यात बेकायदा काही नाही. खाणं, सामान, आवडीची सीट हे तिकिटापासून वेगळं विकायला त्याच खात्याची परवानगी आहे. पण ते घ्यायचं की नाही हे प्रवाशाने ठरवायचं असतं, आणि ज्याने सीट निवडली नाही त्याला विमान सुटण्याआधी आपोआप सीट मिळते. तुम्ही तिकिटाचे पैसे भरलेत, उभ्याने कोणी नेणार नाही.

या भीतीला मी हसत नाही, कारण ती मी भोगली आहे. नियम यायच्या कितीतरी आधी माझी मुलगी चार वर्षांची असताना आम्ही तिघं तीन रांगांत विखुरलो होतो. कंपनीचं नाव घेत नाही. एका काकांनी खिडकी सोडली म्हणून निभावलं, पण ती पाच मिनिटं मला अजून आठवतात. त्याच सुमारास, २०१८ च्या नोव्हेंबरात, वेब चेक-इनला, म्हणजे घरूनच ऑनलाइन हजेरी लावून सीट घ्यायला, सगळ्याच सीटचे पैसे लागतील, फुकट हवी तर विमानतळावर या, असं इंडिगोने जाहीर केलं होतं आणि बरीच ओरड झाली होती. तेव्हा मला विचारलं असतं तर मीही म्हटलं असतं, भरा आणि मोकळे व्हा. आज तसं म्हणणार नाही.

मात्र नियमात काय नाही तेही नीट पाहून घ्या. ‘निदान एका’ पालकाजवळ, एवढंच त्यात आहे. अख्खं कुटुंब एका ओळीत बसेल असं वचन नाही. मुलगी तुमच्याजवळ आणि मुलगा वडिलांजवळ चार रांगा मागे, असं झालं तरी नियम पाळला गेला. खिडकीचं वचन नाही. आणि सासूबाईंचं तर त्यात नावच नाही.

म्हणून माझ्या मते या प्रवासात सीटचे पैसे द्यायचेच असतील तर ते लहानग्यांसाठी नाही, सासूबाईंसाठी द्या. पहिल्यांदा विमानात बसणारं माणूस, पट्टा कसा लावायचा इथपासून सुरुवात. त्यात विमान वर उठताना कानाला दडे बसले की शेजारी आपलं कोणी हवं. जाताना त्यांची आणि मिस्टरांची अशा दोनच सीट शेजारशेजारच्या घ्या. ८०० रुपये. तुमच्या तिघांच्या निवडू नका. येताना सासूबाई सरावलेल्या असतील, तेव्हा गुडघ्यासाठी फक्त त्यांची कडेची सीट घ्या, ४००. झाले १,२००.

यावर तुम्ही म्हणाल, आणि नाहीच मिळाली शेजारी तर? बऱ्याच कंपन्यांचं वेब चेक-इन ४८ तास आधी उघडतं. उघडल्या उघडल्या करा आणि तुम्हा तिघांना काय मिळालं ते बघा. एखादं मूल एकटं पडलेलं दिसलं तर लगेच कार्ड काढू नका. आधी कंपनीला फोन करा, १२ वर्षांखालच्या मुलाचा नियम सांगा. नाहीच ऐकलं तर सोनेगावला विमानतळावर दोन तास आधी पोहोचा आणि काउंटरवर हेच शांतपणे सांगा. तिथली मंडळी हे रोज करतात, आणि विमान भरायच्या आत सांगितलं तर त्यांनाही सोपं जातं. त्यानंतरही अडले तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते. तक्रारीने त्या दिवशीची सीट मिळणार नाही, पण तक्रार करू शकता हे काउंटरवर बोलायला उपयोगी पडतं.

सगळंच फसलं असं धरू. मग चेक-इनच्या वेळी तुम्हा तिघांच्या सीट विकत घ्या, १,२०० रुपये. आधीचे ८०० मिळवून जातानाचे २,००० झाले. आजच पाचही सीट घेतल्या असत्या तरी जातानाचे २,००० च झाले असते! म्हणजे थांबण्यात तुमचं जवळजवळ काही जात नाही. विमान भरत आलं की सीटच्या किमती शंभर-दोनशेने चढू शकतात, तेवढीच जोखीम. ती मी घेईन.

एक सावधगिरी. पुढे पाय पसरायला जागा असलेल्या महागड्या सीट दिसतील, त्यातल्या आपत्कालीन दाराच्या ओळीतल्या घेऊ नका. तिथे मुलांना बसू देत नाहीत, आणि वेळ पडल्यास दार उघडू शकेल असं धडधाकट माणूस लागतं. सासूबाईंच्या गुडघ्यांना बरं म्हणून घ्याल आणि ऐनवेळी उठावं लागेल.

आता मिस्टरांच्या दोन बुकिंगबद्दल. त्यांनी पाहिलंय ते खरं आहे. विमानातल्या सीट वेगवेगळ्या भावांच्या गठ्ठ्यांत विकल्या जातात. स्वस्त गठ्ठ्यात दोनच उरल्या असतील आणि तुम्ही पाच मागितल्या, तर संगणक पाचही जणांना वरचा भाव लावतो. म्हणून दोघांना ४,७०० आणि पाच जणांना ५,२००. त्यांची युक्ती केली तर जाताना १,००० वाचतील. आता यातली मेख बघा. नियम ‘त्याच पीएनआर’चा आहे. ते आणि सासूबाई एका बुकिंगवर, तुम्ही आणि मुलं दुसऱ्या, असं केलं तर मुलांचा नियम शाबूत राहतो, कारण तुम्ही त्यांच्या पीएनआरवर आहात. पण कार्डाच्या ऑफरपायी उलटसुलट केलं, तुम्ही दोघं एकीकडे आणि मुलं आजीसोबत दुसरीकडे, तर मुलगी आजीजवळ बसेल आणि कंपनीने नियम पाळलेला असेल. आजी पहिल्यांदा विमानात, गुडघे दुखणाऱ्या, आणि शेजारी साडेतीन वर्षांचं पोर. नको.

पहिली विभागणीसुद्धा मी करणार नाही. विमान रद्द झालं किंवा वेळ बदलली की कंपनी एकेक पीएनआर उचलून दुसऱ्या विमानात टाकते. दोन पीएनआर असले तर मिस्टर सकाळच्या विमानात आणि तुम्ही दोन पोरं घेऊन रात्रीच्या, हे होऊ शकतं. एक हजार रुपयांसाठी ही डोकेदुखी कायले घ्यायची? शिवाय ते स्वस्त दोन तिकीट आज दिसतात, तुम्ही चर्चा करेपर्यंत ते गेलेलेही असतील. एकच बुकिंग, पाच नावं.

पॅकेजचा निकाल चटकन लागतो. १० तिकिटांचे ९,०००. त्यातली खरी मोलाची गोष्ट म्हणजे तारीख बदलण्याची सवलत, आणि तुमची तारीख गुरुजींनी मुहूर्त काढून दिलेली आहे. ती बदलणार नाही. राहिलं खाणं. पावणेदोन तासांच्या प्रवासाला दशम्या आणि चिवडा पुरतो. साडेतीन वर्षांची मुलगी विमानातलं सँडविच खाईल यावर मी तरी पैसे लावणार नाही.

आता ७५,००० चा हिशेब, कारण तुमच्या पत्रात एक मोठा खर्च राहूनच गेलाय. बंगळुरूचं विमानतळ देवनहळ्ळीला, शहरापासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर आहे. पाच माणसं आणि सामान म्हणजे मोठी गाडी. शहरात जाणाऱ्या वायू वज्र बसेस आहेत, पण सासूबाईंना घेऊन बसमध्ये चढा-उतरायचं मी सुचवणार नाही. दोन्ही शहरांतल्या गाड्यांचे, जाण्या-येण्याचे मिळून ५,००० धरा. तिकिटं ५२,०००, सीट १,२००, गाड्या ५,०००, आहेर ११,०००. बेरीज ६९,२००. हातात ५,८०० राहतात. पॅकेज घेतलं असतं तर तिकिटांचेच ६१,०००, आणि बेरीज ७७,०००. तिथे तुमची आरडी तोकडी पडते, आणि तिथूनच तो ईएमआयचा विचार आलाय.

ईएमआय नको. ‘नो-कॉस्ट’ म्हटलं तरी बँक प्रोसेसिंग फी लावते आणि व्याजावर जीएसटी घेते; शिवाय एरवी रोखीने मिळाली असती ती सवलत बऱ्याचदा त्यात जिरते. वास्तुशांत एका दिवसात होईल आणि तुम्ही सहा महिने तिचे हप्ते भरत बसाल. पैसे बाजूला ठेवून मग खर्च करायची सवय तुम्ही लावून घेतलीत, ती एका सीटच्या पॅकेजपायी मोडू नका.

सामानाचंही बघून घ्या. सगळ्यात स्वस्त दिसणाऱ्या तिकिटात कधीकधी चेक-इन सामानच, म्हणजे काउंटरवर द्यायच्या मोठ्या बॅगाच, नसतात, तसा भाव विकायला परवानगी आहे. तुमचं ५,२०० चं तिकीट माणशी १५ किलो धरून आहे ना, हे पैसे भरण्याआधी वाचा. नागपूरहून कोणी रिकाम्या हाताने जात नाही. संत्र्यांची पेटी जाणारच, वर बर्फीचे डबे. पाच जणांचे ७५ किलो तुम्हाला पुरून उरतील, फक्त एकाच बॅगेत सगळं कोंबू नका. काउंटरवर जादा किलोचे जे पैसे मागतात त्यात सीटची सगळी बचत वाहून जाते.

रेल्वेचंही पाहिलं मी. आपलं नागपूर दक्षिणेच्या मार्गावरच आहे, बंगळुरूच्या गाड्या इथून जातात. पाच वर्षांखालच्या मुलीला तिकीट लागणार नाही, पण बर्थही मिळणार नाही. मुलाला बर्थ हवा तर २०१६ पासून पूर्ण भाडं आहे. पैसे पुष्कळ वाचतील. पण एक दिवस, एक रात्र, वरचे बर्थ, मिस्टरांच्या आणखी दोन रजा आणि ते गुडघे. सासूबाई नसत्या तर मी कदाचित रेल्वेच सांगितली असती.

मुलगी अजून दोन वर्षांची झाली नसेल अशा वाचकांसाठी जाता जाता: मांडीवरच्या बाळाचं वय दोन्ही फेऱ्यांच्या दिवशी बघतात. जाताना दोनच्या आत आणि येताना वाढदिवस होऊन गेला, तर येतानाचं पूर्ण तिकीट काढावं लागतं. बारसं, मुंजी, लग्नं यांच्या तारखा ठरवताना हे कोणाच्या डोक्यात नसतं.

तर ताई, एकच बुकिंग करा, पॅकेज सोडा, मुलांच्या सीटला हात लावू नका. सासूबाईंच्या जातानाच्या सीटचे ४०० रुपये भरण्याआधी मात्र त्यांनाच विचारा. मी कडेची म्हणत होतो, गुडघ्यांमुळे. पण पहिलं विमान आहे, त्या खिडकी मागतील. मागितली तर खिडकी द्या, मिस्टरांना मधे बसवा.