बेंच घ्या, पण आधी कार्ड मिटवा

प्रश्न: वय ३४, अंबड एमआयडीसीत नोकरी, पगार हातात ४८,०००. घरी पत्नी आणि चार वर्षांची मुलगी. पाथर्डी फाट्यावरच्या फ्लॅटचा हप्ता १७,०००, कर्ज अजून २२ लाख. जिमचे महिन्याचे १,५०० वाचवायला घरीच व्यायाम सुरू करतोय. २२,००० चा अ‍ॅडजस्टेबल बेंच नो-कॉस्ट ईएमआयवर (बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यांवर) घ्यावा की ८,५०० चा साधा सपाट? क्रेडिट कार्डावर ९०,००० बाकी आहेत, पण मिनिमम ड्यू (दर महिन्याला भरायची किमान रक्कम) कधीच चुकवत नाही. बोनस आला की सगळं फेडणार आहे. १,२०,००० ची एफडी मुलीसाठी आहे, तिला हात लावायचा नाही. बँकेतून मार्च २०२४ मध्ये घेतलेली वर्षाला ५०,००० हप्त्याची विमा पॉलिसीही आहे, दोन हप्ते भरलेत. — एक वाचक, नाशिक

उत्तर: साधा घ्या. पण आज नको.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य मिनिमम ड्यूचं आहे. कार्डाचं व्याज महिन्याला साधारण साडेतीन टक्के. ९०,००० वर ३,१५०, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,७०० धरा. मिनिमम ड्यू म्हणून तुम्ही साधारण ४,५०० भरता, त्यातले मुद्दलात जेमतेम ८०० जातात. नवीन खरेदीवर तर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, कारण बिल पूर्ण भरत नाही तोवर बिनव्याजी मुदत मिळतच नाही. मिनिमम भरून फक्त लेट फी टळते, कर्ज तसंच राहतं.

आणि एफडी? साडेसहा टक्क्यांनी महिन्याला ६५० मिळतात. एकीकडून ६५० घ्यायचे आणि दुसरीकडे ३,७०० द्यायचे, यात मुलीचा काय फायदा? उद्याच एफडी मोडा. मुदतीआधी मोडल्याचा दंड म्हणून एखादा टक्का जाईल, जाऊ द्या. ९०,००० कार्डाला भरा, ३०,००० अडीअडचणीला ठेवा. बोनसची वाट बघू नका. तो येईपर्यंत दर महिन्याचे ३,७०० कोण देणार?

नो-कॉस्ट ईएमआय त्याच कार्डावर घेणार असाल तर साफ नको. व्याजाइतकी सूट मिळते, पण व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बहुधा तुमच्याच माथी. वर तो हप्ता मिनिमम ड्यूमध्ये मिळवला जातो.

आता पॉलिसी. एफडीपेक्षा चांगली म्हणूनच विकली असणार. अशा योजनांचा परतावा पाच-सहा टक्क्यांपलीकडे क्वचित जातो आणि विमा हप्त्याच्या दहापट, म्हणजे पाच लाखांच्या आसपास असतो. डोक्यावर २२ लाखांचं कर्ज असलेल्या घराला पाच लाख! ज्याने ही विकली त्याने तुमचं गृहकर्ज विचारलं तरी होतं का? एक कोटीचा शुद्ध टर्म इन्शुरन्स (बचत नसलेला, फक्त मृत्यूचा विमा) तुमच्या वयाला, सिगारेट ओढत नसाल तर, वर्षाला साधारण बारा-पंधरा हजारांत मिळतो. आधी तो घ्या, पॉलिसी हातात येऊ द्या, मगच जुनीचा तिसरा हप्ता थांबवा. सरेंडर (पॉलिसी बंद करून पैसे परत) आणि पेड-अप (हप्ते थांबवून कमी रकमेची पॉलिसी चालू), दोन्हींचे आकडे लेखी मागा. भरलेल्या एक लाखातले आज तीसेक हजारच परत मिळाले तरी उरलेल्या प्रत्येक वर्षाचे ५०,००० वाचतात.

कार्ड मिटलं की महिन्याचे ४,५०० मोकळे होतात. दोन महिन्यांत ८,५०० चा बेंच रोखीने. कंपनीने लिहिलेली क्षमता तुमचं वजन आणि प्लेट्ससकट बारचं वजन मिळून असते. तुम्ही ७८ किलोचे आणि बार ९० चा, तर जवळपास १७० झाले. २५०-३०० किलोचा घ्या. अ‍ॅडजस्टेबलमध्ये पिन, बिजागरी आणि पाठ-सीटमधली फट, इतक्या जागा ढिल्या पडतात. सपाट बेंचमध्ये त्यातलं काही नाही. उंची ४२ ते ४५ सेंटीमीटर हवी, म्हणजे झोपल्यावर पाय जमिनीवर टेकतात. पाइप ५० मिलिमीटर चौकोनी आणि किमान २ मिलिमीटर जाडीचा. अंबडला काम करता, तर ओळखीच्या फॅब्रिकेटरकडेही भाव विचारा. आणि बेंच जमिनीवर ठेवून आडवं होऊन पाहा. जराही डुगडुगला तर घेऊ नका.