दुरुस्ती चालू असताना घरात राहावे का?

प्रश्न : वरच्या मजल्यावरील पाइप फुटून आमच्या दोन खोल्या भिजल्या आहेत. दुरुस्ती होईपर्यंत घरातच राहिले तर चालेल का?

उत्तर : पाणी स्वच्छ असेल, छताला फुगवटा आलेला नसेल आणि भिजलेल्या खोल्यांचा वीजपुरवठा इलेक्ट्रिशियनने स्वतंत्रपणे बंद करून दिला असेल, तर उरलेल्या घरात राहायला हरकत नाही, मात्र सांडपाणी शिरले असेल किंवा घरात दम्याचा रुग्ण अथवा तान्हे मूल असेल, तर काही दिवस अन्यत्र राहावे. ओल्या वस्तूंवर 24 ते 48 तासांत बुरशी धरू लागते, म्हणून गाद्या आधी हलवाव्यात. रंगाऱ्याच्या घाईला (ती असतेच) बळी पडू नये, कारण भिंत वरून कोरडी लागली तरी आत ओल राहते आणि रंगाला पोपडे येतात.