स्टॅक व्हीएम रजिस्टरवर न्यावी का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी केलेल्या भाषेची स्टॅक व्हीएम (प्रोग्राम चालवणारं आभासी यंत्र, जे किमती एका ढिगावर ठेवत-उचलत काम करतं) नीट चालते, पण लूप रेंगाळतात. ती रजिस्टरवर, म्हणजे नंबर दिलेल्या कप्प्यांवर, न्यावी का, आणि रजिस्टर वाटपाचे (कोणती किंमत कुठल्या रजिस्टरात ते ठरवण्याचे) ते किचकट अल्गोरिदम तुला झेपतील का?

वाटपाची भीती आधी काढून टाक. प्रोसेसरकडे रजिस्टरं मोजकी असतात, म्हणून तिथे मारामारी. व्हीएमची रजिस्टरं म्हणजे मेमरीतल्या ॲरेतले कप्पे. ऑपरंडला, म्हणजे इन्स्ट्रक्शनमधल्या कप्प्याच्या नंबराला, ८ बिट दिलेस तरी २५६ मिळतात. इंदूरचाच आहेस म्हणून सांगतो, आपल्या खाऊगल्लीसारखं, छप्पन दुकानसारखं आहे: नंबर घे आणि थेट तिथे जा. प्रत्येक लोकल व्हेरिएबलला एक पक्का कप्पा दे. मधल्या किमती त्यांच्या वर रचत जा, वापरून झाल्या की खाली ये. २००३ साली ५.० आवृत्तीत लुआ ही भाषा स्टॅकवरून रजिस्टरवर आली, तीही साधारण याच पद्धतीनं.

आता वेगाचं. क = ख + ग घे. जावाच्या बाइटकोडात (व्हीएमला समजणाऱ्या कोडात) चार इन्स्ट्रक्शन: ख ढकल, ग ढकल, बेरीज कर, क मध्ये ठेव. व्हेरिएबल पहिल्या चार जागांत असतील तर प्रत्येकी एक बाइट, म्हणजे एकूण ४. लुआत एकच इन्स्ट्रक्शन, ३२ बिटांची. म्हणजे तीही ४ बाइटच! जागा तेवढीच, पण डिस्पॅच (पुढची इन्स्ट्रक्शन ओळखून तिच्या कोडकडे जाणं) चारदा होण्याऐवजी एकदा, आणि इंटरप्रिटरचा बराच वेळ खातो तो डिस्पॅचच. २००५ साली डब्लिन आणि व्हिएन्नाच्या संशोधकांनी जावाच्याच प्रोग्रामांवर मोजलं: रजिस्टरवर नेल्यावर चालवलेली इन्स्ट्रक्शन ४७ टक्क्यांनी कमी, बाइटकोड २५ टक्क्यांनी मोठा, आणि सीच्या स्विच स्टेटमेंटनं डिस्पॅच केल्यास वेळ सुमारे ३२ टक्क्यांनी कमी.

मग रजिस्टर व्हीएम घ्यावीच का? माझं मत, हो. पण दोन खड्डे बघून. मी एका ऑफिसात बिलांच्या नियमांसाठी छोटी भाषा केली होती, तिथे दोन्हींत पडलो.

पहिला: क मध्ये २ आहे आणि कुणीतरी लिहिलं, क + (क = 5). स्टॅकवर डावीकडचा २ आधीच ढकललेला असतो, उत्तर ७. माझ्या नव्या व्हीएमनं दिलं १०. कारण क ची प्रत काढलीच नव्हती. बेरीज करताना कप्पा उघडला, तोवर आत ५ बसले होते. लुआत हा त्रास असा थेट येत नाही, तिथे असाइनमेंट एक्स्प्रेशनच नाही. तुझ्या भाषेत असेल तर उजवीकडे तो व्हेरिएबल बदलतोय का ते कंपायलरनं बघायचं आणि गरज असेल तिथेच प्रत काढायची. सगळीकडे काढलीस तर जे कमावलंस ते गेलं.

दुसरा खड्डा गार्बेज कलेक्टरचा, म्हणजे न लागणारी मेमरी मोकळी करणाऱ्याचा. स्टॅकवर पॉप केलं, म्हणजे वरची किंमत काढली, की वरचं कलेक्टर बघतच नाही. रजिस्टरची फ्रेम (एका कॉलचे सगळे कप्पे) मात्र आख्खी तपासली जाते, त्यात मागच्या कॉलचे शिळे पॉइंटर पडलेले असतात. कधी मेमरी सुटत नाही. कधी केव्हाच मोकळ्या केलेल्या ऑब्जेक्टकडे कलेक्टर जातो आणि प्रोग्राम कोसळतो. माझा कोसळत होता, तोही दहात एखाद्या वेळी. इंदूरच्या सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस खाताना मित्रानं विचारलं, ‘‘फ्रेम उघडताना कप्पे पुसतोस ना रे?’’ नव्हतो पुसत.

फंक्शन कॉलचं राहिलं. आर्ग्युमेंटं ओळीनं शेजारच्या कप्प्यांत मांड आणि नव्या फ्रेमची सुरुवात तिथूनच धर, म्हणजे कॉलच्या वेळी वेगळी कॉपी नको.

आणि हो, हात घालण्याआधी प्रोफायलर (वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन) लाव. लूपमध्ये स्ट्रिंग जोडणं किंवा हॅशमध्ये शोधणं चालू असेल, तर डिस्पॅच वाचवून फारसं काही हाती लागणार नाही. तो लूप इथे टाक, बघतो.