लेव्हल कमी होत नाही, उलट वाढतेय म्हणून मीही खूश होतो

तुमची पोस्ट वाचता वाचता हातातला चहा खाली ठेवला. गुहागरला काकांची २००७ ची पोर्शे बॉक्स्टर शेडमध्ये उभी, वर्षाला ४०० किलोमीटरसुद्धा होत नाहीत, ऑइल दोन वर्षांपूर्वीचं. इथपर्यंत ठीक. पण "दर रविवारी न चुकता दहा मिनिटं स्टार्ट करून ठेवतो, लेव्हल अजून फुल दाखवते, तरी ऑइल बदलायलाच हवं का?" हा प्रश्न अगदी शब्दाला शब्द माझा आहे. पाच वर्षांपूर्वीचा.

आधी उत्तर देऊन टाकतो. हो, बदला. आणि ते रविवारचं स्टार्ट करणं आजपासून बंद.

आता रामायण. मी मेकॅनिक नाही, देवगडला आंब्याचा धंदा आहे, तेव्हा पुढचं सगळं स्वतःचे पैसे घालवून शिकलेल्या माणसाचं समजून वाचा. माझीही गाडी दोन सीटची. दोन लिटर, टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन (थेट सिलिंडरमध्ये उडवणारं) पेट्रोल. ब्रँड सांगत नाही, नाहीतर खाली पन्नास जण "ती गाडीच तसली" म्हणत भांडत बसतील. चिऱ्याच्या मांगरात (बागेतल्या खोपीत) उभी असते. एप्रिल-मे माझे पेट्या भरण्यात जातात, जून ते सप्टेंबर रस्त्यांची काय अवस्था असते ते तुम्हाला सांगायला नको. म्हणजे सहा महिने गाडी जागची हलत नाही.

घेतली त्या वर्षी घाटावरच्या एका मोठ्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारलं. पलीकडचा म्हणाला, "सर, ऑइल किलोमीटरवर असतं. तुमचे हजारसुद्धा झाले नाहीत. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं स्टार्ट करून ठेवा, बॅटरी पण हेल्दी, इंजिन पण हेल्दी." सर्व्हिस बुकात मात्र 'इतके किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते' असं छापलेलं होतं. मी ते वाचलंही होतं. तरी फोनवरच्या माणसाचं ऐकलं, कारण त्याचं ऐकण्यात खर्च वाचत होता. त्यामुळे चूक माझीच. (थोडी त्यांचीही. ते पुढे येईल.)

दोन पावसाळे मी इमानेइतबारे दर रविवारी चावी फिरवली. दुसऱ्या सप्टेंबरात डिपस्टिक (ऑइल मोजायची सळई) काढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर! आपली गाडी थेंबभर ऑइल खात नाही म्हणून मी खूश. बायको शेजारी उभी होती, पुसायचा फडका नाकाशी नेऊन म्हणाली, "ह्याला पेट्रोलचा वास का येतोय?" मी म्हटलं, नव्या इंजिनांच्या ऑइलला येतो तसा. असं ठोकून द्यायला मला काहीही वाटलं नाही.

त्या दिवाळीत कोल्हापूरला निघालो. तळेरे, वैभववाडी, मग करूळचा घाट. दोन वर्षांत पहिल्यांदाच इंजिन खऱ्या अर्थाने तापलं होतं आणि चढावर मीही जरा हौस भागवून घेत होतो. गगनबावड्याच्या अलीकडे ऑइलचा दिवा लागला. बाजूला थांबलो, दहा मिनिटांनी डिपस्टिक काढली. टोकाला फक्त ओल. सकाळी जे वरच्या खुणेच्या वर होतं ते तीन तासांत गेलं कुठे? खाली एक थेंब नाही. मागे मात्र निळसर धूर.

झालं होतं ते असं. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं, आणि ते थोडंथोडकं नाही. एक लिटर पेट्रोलमागे साधारण एक लिटर पाणी. बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण काही पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठतं तिथे, उतरतं. थंड इंजिन पेट्रोलही जास्त पितं, आणि न जळालेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत तिथेच जातं. गाडी अर्धा तास नीट चालली, ऑइल ९०-१०० अंशांपर्यंत गेलं, की हे बरंचसं उडून जातं. दहा मिनिटं जागेवर घुरघुरण्याने ऑइल कोमटच्या पुढे जात नाही. डॅशवरचा काटा मधोमध येतो, पण तो इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा. ऑइल त्याच्या कितीतरी मागे असतं. म्हणजे दर रविवारी मी चेंबरमध्ये थोडं पाणी आणि थोडं पेट्रोल टाकत होतो आणि ते उडायच्या आत इंजिन बंद करत होतो. खरं ऑइल हळूहळू कमी होत होतं, त्याची जागा हे मिश्रण भरून काढत होतं. घाटात तापल्यावर त्यातलं बरंच उडालं, आणि उरलेल्या पातळ ऑइलवर लाखभर आरपीएमने फिरणारा टर्बो बिचारा कोरडा पडला.

टोइंग करून गाडी परत तळेऱ्याला आणली. तिथल्या मिस्त्रीने ऑइलचं झाकण उघडून माझ्यासमोर धरलं. आतल्या बाजूला पिवळट पांढरा थर, पीयूषवरच्या सायीसारखा. म्हणाला, "ह्या ऑइल नाय हां भाऊनू, ह्या ताक आसा."

मग ते सर्व्हिस सेंटर. काचेच्या केबिनमध्ये दोन तास बसवलं, कॉफी दिली, आणि ज्यांनी दहा मिनिटांचा सल्ला दिला होता त्यांनीच जॉब कार्डवर लिहिलं, 'वाहन नियमित वापरात नाही'. म्हणजे जबाबदारी माझी. फोन कोणी घेतला होता विचारलं तर तो मुलगा सोडून गेला म्हणे. टर्बो, त्याचे पाइप, मजुरी धरून दोन लाखांच्या वर. त्यात एक ओळ 'इंजिन फ्लश', जो मी मागितलाच नव्हता. त्यावर भांडलो तेव्हा ती ओळ गेली. तेवढाच विजय. फोनवरचा सल्ला लेखी मागून घ्या, निदान मेसेज तरी. असो, हे फार झालं.

आता तुमच्या गाडीबद्दल. तुमच्या मॉडेलला टर्बो नाही, डायरेक्ट इंजेक्शनही नाही, त्यामुळे पेट्रोल माझ्याइतकं उतरणार नाही. पाणी मात्र उतरणारच, आणि गुहागरच्या जुलैच्या हवेत ते आपणहून वाळेल अशी आशा ठेवू नका.

तुमच्या बॉक्स्टरला डिपस्टिक नाही, म्हणून माझ्यासारखा वासही तुम्हाला सहज मिळणार नाही. डॅशवरची पट्टी फक्त उंची सांगते, काय भरलंय ते नाही. खात्री करायची असेल तर ऑइल काढताना एक थेंब टिपकागदावर सोडा आणि तासाभराने बघा. काळ्या ठिपक्याभोवती रुंद फिकट कडं पसरलं तर पेट्रोल आहे. पाण्यासाठी जुनाट तवी तापवून थेंबभर टाकायचं, तडतडलं की पाणी. हे उघड्यावर आणि एकच थेंब. घावनांच्या बिडावर केलंत तर पुढची जबाबदारी माझी नाही.

कधी बदलायचं यावर लोक भांडतात. माझं मत ठाम आहे: मे महिन्याच्या शेवटी, गाडी बंद करण्याआधी. जुन्या ऑइलमधलं आम्ल आणि पाणी चार महिने बेअरिंगांवर बसून राहण्यापेक्षा स्वच्छ ऑइल बसलेलं बरं. पण तुमचं आत्ताचं ऑइल मेची वाट बघण्यासारखं नाही. आधी २५-३० किलोमीटर चालवून आणा, मगच काढा, म्हणजे गाळ सोबत निघतो. गाडी चारही बाजूंनी सपाट हवी, आणि चार घोड्या (गाडी पेलणारे स्टँड) असल्याशिवाय खाली शिरू नका. नुसत्या जॅकवर तर नाहीच.

ड्रेन नटचा वॉशर दर वेळी नवा. नट ५० न्यूटन मीटरला आवळायचा, फिल्टरचं झाकण २५ ला. टॉर्क पाना नसेल तर कोणाचा आणा, अंदाजाने आवळून ॲल्युमिनियमचे आटे गेले की रडायची वेळ येते. डब्यावर पोर्शे ए४० (कंपनीची मान्यता) लिहिलेलंच ऑइल घ्या. फिल्टरसकट साडेसात ते आठ लिटरच्या मध्ये जातं, मॅन्युअलमधला आकडा धरा, पण आधी सातच ओता. मग गाडी गरम करून, सपाट जागी, पट्टी बघत थोडं थोडं. पट्टी पार वर चिकटवायची नाही. जास्तीचं ऑइल सेपरेटरमध्ये (वाफेतून ऑइल वेगळं करणारा भाग) शिरतं आणि स्टार्ट केल्यावर आळी पांढऱ्या धुराने भरते.

एक गोष्ट मात्र आळस न करता करा. जुन्या फिल्टरचा कागद उलगडून उन्हात बघा. तुमच्या वर्षाच्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्टचा (इंजिनातला एक मधला दांडा) तो बदनाम बेअरिंग आहे, तुटला तर इंजिनच जातं (२००९ च्या मॉडेलपासून काढूनच टाकला). चकाकणारे बारीक कण दिसले, चुंबकाला चिकटले, तर गाडी स्टार्ट न करता जाणकाराला दाखवा. मी त्यातला नाही.

पावसाळ्यात बॅटरीसाठी चार्जर मेंटेनर लावा, वीज जाते-येते तरी चालतं. हँडब्रेक ओढून ठेवू नका, चिकटतो. चाकाला लाकडी ठोकळा लावा. टाकी भरलेली ठेवा, इथेनॉलवालं पेट्रोल अर्ध्या टाकीत ओलावा धरतं. उंदरांवर माझ्याकडे उपाय नाही, डांबरगोळ्या टाकल्या तर वास दोन वर्षं सीटमध्ये राहिला आणि उंदीरही.

आणि जळकं ऑइल वाळवीसाठी खांबांना फासायला शेजारी मागायला येतीलच. त्यात पेट्रोल आहे, देऊ नका. विहिरीच्या आसपास तर सांडूही नका, कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या.

येत्या रविवारी चावी न फिरवता फक्त मागचं ऑइलचं झाकण उघडा आणि आतल्या बाजूचा फोटो इथे टाका. थर कितपत आहे ते बघून पुढचं बोलू.