करवतीशिवाय मंदिरं कशी बांधली?

मोठी करवत नसताना जपान्यांनी सातव्या शतकातल्या होर्यूजीसारखी लाकडी बौद्ध मंदिरं कशी बांधली आणि त्या काळी शेतकऱ्याकडे लोखंडी अवजारं होती का, असं तुम्ही विचारलंय. माझे वडील सुतार होते, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा.

दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: लोखंड दुर्मीळ होतं. साधारण सहाव्या शतकापर्यंत ते मुख्यतः कोरियातून यायचं. त्यामुळे लोखंड आधी गेलं ते लाकूड कापायच्या हत्यारांत, आणि त्या हत्यारांनी शेतीची लाकडी अवजारं घडवली. शिझुओकाजवळ तोरो इथे 1943 साली यायोई काळातलं (जपानात भातशेती रुजली तो काळ, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा) गाव सापडलं, तिथली फावडी अख्खी लाकडी आहेत. पाचव्या शतकात फावड्याला लोखंडी कड आली, तीही घोड्याच्या नालेसारखी. आतल्या बाजूला खाच, तिच्यात लाकडी पातं ठोकून बसवायचं. माती कापते तेवढ्याच कडेला लोखंड, बाकी सगळं लाकूड!

आता मंदिरं. आडवं कापायला छोट्या करवती होत्या, पण ओंडका उभा चिरणारी दोन माणसांची ‘ओगा’ करवत साधारण पंधराव्या शतकात रुळली. तोवर हिनोकीच्या (जपानी सायप्रस) ओंडक्यात पाचरी ठोकून तो उभा फोडायचे. हिनोकीचे रेषे सरळ, म्हणून ते जमायचं. फोडलेल्या लाकडाचे रेषे तुटत नाहीत, हा त्यातला मोठा फायदा. करवत रेषा बघत नाही, सरळ कापत जाते.

मग ‘चोना’ने तासायचं. हा म्हणजे आपला वाकसच, फक्त दांडा बाकदार. शेवटचा हात ‘यारीगान्ना’चा: लांब दांड्याला वेळूच्या पानासारखं, टोकाशी किंचित वर वळलेलं पातं. दोन्ही हातांनी धरून ओढलं की पीळदार ढलपी निघते आणि लाकडावर उथळ, लांबट खळ्या राहतात. रंध्याने गुळगुळीत केलेल्या फळीला ती नजाकत नाही, असं मला मनापासून वाटतं. ठोकळ्यात पातं बसवलेला रंधा आल्यावर हे हत्यार मागे पडलं. विसाव्या शतकात होर्यूजीचे मुख्य सुतार निशिओका त्सुनेकाझु यांनी ते पुन्हा हातात घेतलं.

कोबेला गेलात तर ताकेनाका सुतारी अवजारांचं संग्रहालय चुकवू नका. तिथे वाकसाच्या या जपानी भावंडापुढे मी बराच वेळ उभा होतो. वडिलांच्या वाकसाचा दांडा त्यांच्या घामाने काळा पडला होता, तो डोळ्यांपुढे आला.