हेलिक्स एलटी रीपरला जोडून रीअँप करताना कोरडाच आवाज का येतो?

तुम्ही लिहिलंय की हेलिक्स एलटी (गिटारचा मल्टी-इफेक्ट प्रोसेसर) यूएसबीने विंडोज लॅपटॉपला लावलंय, रीपरमध्ये (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) डीआय ट्रॅक, म्हणजे काहीही इफेक्ट न लावलेली गिटार, नीट रेकॉर्ड झालाय, पण तो परत हेलिक्समध्ये पाठवून रीअँप करायला (म्हणजे त्याला नंतर अँपचा टोन लावून पुन्हा रेकॉर्ड करायला) गेलं की हेलिक्सला लावलेल्या हेडफोनमध्ये नुसती कोरडी गिटार ऐकू येते, अँप-कॅब (अँप्लिफायर आणि स्पीकर कॅबिनेटची नक्कल) काहीच लागत नाही, आणि ड्रायव्हर काढून परत टाकूनही फरक नाही. ड्रायव्हर बिचाऱ्याने काही केलेलं नाहीये हो, चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीये. कोरडा का होईना, आवाज हेडफोनपर्यंत पोचतोय ना, म्हणजे केबल, पोर्ट, ड्रायव्हर सगळं धडधाकट आहे. घोळ आहे तो कुठल्या चॅनलवरून काय जातंय यात.

हेलिक्स कॉम्प्युटरला ८ इनपुट ८ आउटपुटचा इंटरफेस म्हणून दिसतं. कॉम्प्युटरकडून यूएसबी १/२ वर (चॅनल १ आणि २ ची जोडी) जे येतं त्याला ते कुठलाही इफेक्ट लावत नाही, सरळ हेडफोनला आणि स्पीकरला सोडून देतं, कारण ती जोडी बॅकिंग ट्रॅक वगैरे ऐकायला ठेवलेली आहे. आणि रीपरचा मास्टर (सगळ्या ट्रॅकचं एकत्र आउटपुट) तर मुळातच १/२ वर जातो. म्हणजे तुमचा डीआय मास्टरमधून १/२ वर, तिथून थेट कानात. तुम्ही ऐकताय तो आवाज प्रोसेसिंगच्या वाटेला गेलेलाच नाही.

त्यामुळे डीआय ट्रॅकचं 'रूट' बटण दाबा, जी खिडकी उघडते तिच्यात 'मास्टर सेंड'ची खूण काढून टाका, आणि हार्डवेअर आउटपुट म्हणून ३/४ जोडा. आता बऱ्याच जणांचं गाडं इथेच अडतं कारण त्या यादीत १/२ सोडून काही दिसतच नाही. मग कंट्रोल-पी दाबून प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ, डिव्हाइस उघडा, ड्रायव्हर हेलिक्सच्या नावाचा एएसआयओच (ऑडिओसाठीचा खास ड्रायव्हर) आहे ना बघा (एएसआयओ-फोर-ऑल हा सर्वसाधारण ड्रायव्हर असेल तर आधी तो बदला), आणि खाली इनपुट रेंज, आउटपुट रेंज असं पहिला चॅनल-शेवटचा चॅनल निवडायचं असतं तिथे दोन्हीकडे शेवटचा ८ करा. रीपर जेवढे चॅनल इथे उघडलेत तेवढेच दाखवतं, बाकीचे असून नसल्यासारखे.

हे झालं की कोरडा आवाज बंद होईल आणि बहुतेक पूर्ण शांतता होईल. घाबरू नका, ही प्रगती आहे. आता हेलिक्सवर या. पॅचच्या (सेव्ह केलेल्या टोनच्या) सुरुवातीला जो इनपुट ब्लॉक असतो तो नेहमी 'मल्टी' किंवा 'गिटार'वर असतो, आणि मल्टी म्हटलं तरी त्यात यूएसबी येत नाही. तो ब्लॉक यूएसबी ३/४ वर करा. आणि लगेच पॅच दुसऱ्या जागी वेगळ्या नावाने सेव्ह करा, कारण हे सेटिंग पॅचबरोबर राहतं. सेव्ह न करता टोन बघायला म्हणून पुढच्या पॅचवर गेलात आणि परत आलात की इनपुट पुन्हा मल्टी, पुन्हा शांतता, आणि माणूस परत ड्रायव्हरच्या मागे लागतो. पॅचमध्ये पाथ २ लाही (सिग्नलच्या दुसऱ्या मार्गालाही) स्वतंत्र इनपुट असेल तर तोही बदलायला लागतो, नाहीतर अर्धाच टोन वाजतो आणि "रीअँप केल्यावर आवाज पातळ होतो" असं वाटत राहतं.

आउटपुट ब्लॉक मल्टीवर असू द्या. कोणी स्टेजसाठी बनवलेला पॅच उतरवून घेतला असेल आणि त्यात आउटपुट फक्त एक्सएलआर (मिक्सरकडे किंवा स्पीकरकडे जाणारा जॅक) असेल तर स्पीकरमधून झकास ऐकू येईल पण रीपरच्या मीटरवर काडी हलणार नाही, कारण हेलिक्सकडून रीपरकडे जाणाऱ्या यूएसबी १/२ वर (कॉम्प्युटरकडून येणाऱ्या १/२ पेक्षा ही वाट वेगळी) काही जातच नाहीये.

मग रीपरमध्ये एक नवीन ट्रॅक घ्या, इनपुट स्टिरिओ १/२, आर्म करा (रेकॉर्डसाठी तयार ठेवा), आणि रेकॉर्ड मॉनिटरिंग बंद ठेवा. मॉनिटरिंग चालू राहिलं तर हेलिक्समधून थेट येणारा आवाज आणि रीपरमधून फिरून किंचित उशिरा येणारा आवाज एकमेकांवर चढतात आणि फ्लँजर लावल्यासारखं पोकळ काहीतरी ऐकू येतं. हा ट्रॅक कोरा नवीनच घ्या हं, डीआय ट्रॅकची डुप्लिकेट काढून त्यावर रेकॉर्ड करू नका. डुप्लिकेटबरोबर ३/४ चा सेंडही कॉपी होतो, त्यात मॉनिटरिंग चालू असलं की हेलिक्सचा आवाज परत हेलिक्समध्येच, गोल गोल, आणि हेडफोनमध्ये अशी किंकाळी येते की कान दोन दिवस आठवण काढतील. पहिल्यांदा प्ले दाबताना हेडफोनचा आवाज कमीच ठेवा.

खरंच यूएसबीवरून जातंय का याची खात्री करायची तर गिटारची केबल हेलिक्समधून काढूनच टाका आणि पॅचमध्ये एक डिले टाकून त्याचा मिक्स बक्कळ वाढवा. तो डिले ऐकू आला म्हणजे डीआय प्रोसेस होतोय, शंकाच नाही. मग डिले काढून टाका.

लेव्हलचं थोडं. डीआय ट्रॅकवर ईक्यू, कॉम्प्रेसर, नॉर्मलाइझ काहीही नको, फेडर ० डीबीवर. क्लिप होत नसेल तर "वेव्हफॉर्म लहान दिसतोय" म्हणून गेन वाढवू नका. अँप मॉडेलला आत किती लेव्हल येते यावरच क्रंच ठरतो, ६ डीबी जास्त पाठवलात तर तो तुमचा पॅच राहातच नाही. मोनो ट्रॅक स्टिरिओ जोडीवर पाठवताना पॅन लॉ (ट्रॅक मधोमध असताना लेव्हल किती कमी करायची त्याचं सेटिंग) -३ डीबी असेल तर उलटं होतं, मधोमध ठेवलेला ट्रॅक ३ डीबी कमी जातो आणि टोन मऊ पडतो. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये एकदा बघून घ्या. आणि डीआय रेकॉर्ड करतानाचा इनपुट यूएसबी ७ होता ना? हेलिक्स, हेलिक्स एलटीवर कोरडी गिटार ७/८ वर मिळते, त्याच कंपनीच्या छोट्या एचएक्स स्टॉम्पवर ५/६ वर. १/२ वरून घेतलं असेल तर ते आधीच अँप लागलेलं आहे, त्याला परत अँप लावून काय होणार, खिचडी.

सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झवर ठेवा, हेलिक्स आतून ४८ वरच चालतं. कडकड, टिकटिक येत असेल तर बफर बिनधास्त ५१२ करा, रीअँप करताना आपण वाजवत नसतो, लेटन्सीशी काय देणंघेणं. फक्त रेकॉर्ड झाल्यावर नवीन ट्रॅक डीआयच्या शेजारी झूम करून पहिला फटका जुळतोय का बघा, काही मिलिसेकंद मागे असेल तर सरकवून घ्या, विशेषतः दोन रीअँप एकत्र मिसळणार असाल तर, नाहीतर फेज न जुळून सगळा लो-एंड (खालचे सूर) खाल्ला जातो. आणि हे सगळं गाण्याच्या वेळेतच होतं, ४ मिनिटांचं गाणं म्हणजे ४ मिनिटं. ट्रॅक साधा रेंडर करून हेलिक्सचा टोन मिळणार नाही.

एक गोष्ट मात्र यूएसबी रीअँपमध्ये होत नाही, आधीच सांगून ठेवतो. पिकअप आणि पहिल्या पेडलमधला जो खेळ असतो, म्हणजे फझ (एक डिस्टॉर्शन पेडल) लावून गिटारचा व्हॉल्यूम खाली घेतला की कसा साफ होतो ते, तो गिटार जॅकपाशीच ठरतो. हेलिक्समध्ये इनपुट इम्पीडन्स (गिटारच्या सिग्नलला इनपुटवर जाणवणारा विद्युत अवरोध) 'ऑटो'वर असेल तर तो पॅचमधल्या पहिल्या ब्लॉकप्रमाणे बदलतो आणि डीआय रेकॉर्ड होतानाच त्याची छाप पडते, नंतर पुढे कुठलाही फझ लावा, ती छाप तशीच. फझचा टोन हवा असेल तर डीआय घेतानाच पॅचमध्ये फझ पहिला ठेवून वाजवा.

तुमचा दुसरा प्रश्न होता की मित्राचा छोटा प्रोसेसर आहे, यूएसबीवर एकच स्टिरिओ जोडी, त्याच्यावर होईल का. काही मॉडेलमध्ये ड्राय आउट किंवा रीअँपचं सेटिंग मेन्यूत असतं, ते बघा. नसेल तर वेगळा इंटरफेस घ्यायचा, त्याच्या लाइन आउटमधून रीअँप बॉक्स (लाइनचा सिग्नल गिटारसारखा करणारा डबा), तिथून प्रोसेसरचं गिटार इनपुट, आणि प्रोसेसरचं आउटपुट परत इंटरफेसच्या लाइन इनमध्ये. रीअँप बॉक्स नसेल तर लाइन आउटचा आवाज बराच खाली घेऊन काम भागतं, पण हम यायची शक्यता असते. हम आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, आपल्याकडे बऱ्याच घरांत अर्थिंगची बोंब असते आणि बॅटरीवर घेतलं की तो बऱ्याचदा गायब होतो.

हे करूनही अडलं तर रूटच्या खिडकीचा आणि हेलिक्सच्या इनपुट ब्लॉकचा फोटो टाका, बाकी काही नको.