एरियात एकच ब्रॉडबँड कंपनी आहे, दुसरी आली तर खरंच फरक पडतो का?

पडतो. एका रात्रीत पडतो, माझ्याकडे स्क्रीनशॉट आहे.

तुम्ही लिहिलंय की नेट दर दोन दिवसांनी जातं, कंपनी एकच आहे, मग दुसरी आणायला धडपडावं का की सगळ्या सारख्याच. आमच्या बिल्डिंगमध्ये यावर तीन वर्षं भांडणं झाली आणि त्यातली निम्मी माझी नि आमच्या भाऊजींची. तेव्हा सेक्रेटरी तेच, आणि शाफ्टमधून फक्त आपलीच वायर जाईल या कंपनीच्या कागदावर सहीही त्यांचीच. बदल्यात काय मिळालं, तर कमिटीच्या ऑफिसला फुकट कनेक्शन.

माझं काम घरून, रात्री मोठ्या फाइल पाठवायच्या असतात. अपलोड लावायचं, जेवायचं, झोपायचं, सकाळी बघावं तर ८७ टक्क्यांवर अडकलेलं. कस्टमर केअरला फोन केला की एकच पालुपद, "मॅडम, तुमच्या बिल्डिंगला याच्यावर स्पीड फिजिबल नाही, वायरचा प्रॉब्लेम आहे." मी पाच वर्षं ते खरं मानलं हो!

करार संपत आला तेव्हा मी घरोघर फिरून २३ सह्या गोळा केल्या आणि दुसऱ्या कंपनीला बोलावलं. दोन महिने टोलवाटोलवी करून शेवटी एक मुलगा ड्रिल घेऊन आला आणि दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात जुन्या बॉक्सशेजारी त्याने नवा करडा बॉक्स ठोकला. बस, एवढंच. कोणी कनेक्शनसुद्धा घेतलं नव्हतं अजून. तिसऱ्या दिवशी सकाळी जुन्या कंपनीचा मेसेज, प्रिय ग्राहक, तुमचा स्पीड तिप्पट केला आहे, बिल तेवढंच. लाइनमन आला नाही, वायर बदलली नाही, राउटर तोच, त्याचा एक दिवा बंद आहे तोही तसाच. मी स्पीड टेस्ट केली, तर खरंच तिप्पट.

म्हणजे वायरचा प्रॉब्लेम कधी नव्हताच. फायबरच्या वायरवर सेकंदाला साधारण अडीच गिगाबिट डेटा उतरतो, तो ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो, आणि तुमच्या वाट्याला किती द्यायचं ते कंपनीच्या सिस्टिममध्ये प्रोफाइल बदलून ठरतं. कोणीतरी बसल्या जागी आकडा बदलला, झालं!

स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकला तर भाऊजी काय म्हणाले माहितेय? "बघा वहिनी, सुधारली ना कंपनी शेवटी? धीर धरायला हवा होता तुम्ही."

त्यांचं म्हणणं अजूनही हेच की एरियात एक मोठी कंपनी असणं चांगलं, उगाच दोघांनी रस्ता कशाला खणायचा. खणण्याचा मुद्दा खोटा नाही. पण त्यावर उपाय आहे, स्टॉकहोममध्ये १९९४ पासून शहराच्या मालकीची स्टोकाब कंपनी फायबर टाकते आणि मागेल त्या कंपनीला भाड्याने देते, खणायचं एकदाच. आणि मोठी कंपनी चांगली म्हणाल तर अमेरिकेत २०१४ साली कॉमकास्ट ही केबल-इंटरनेट कंपनी टाइम वॉर्नर केबल या तशाच दुसऱ्या कंपनीला ४५ अब्ज डॉलरला घ्यायला निघाली होती, तेव्हा त्यांचा बचाव काय होता, तर आमचे एरिये वेगळे आहेत, आम्ही एकमेकांशी स्पर्धा करतच नाही, मग ग्राहकाचं नुकसान कसलं! अहो, तेच तर दुखणं आहे ना. सरकारी विरोधापुढे २०१५ च्या एप्रिलमध्ये त्यांना तो सौदा सोडावा लागला. आणि भाऊजींच्या त्या कागदासारखे प्रकार तिकडेही चालायचे, २०२२ मध्ये एफसीसीने, म्हणजे तिकडच्या दूरसंचार नियामकाने, बिल्डिंगमालक आणि कंपनी यांच्यातल्या कमाई वाटून घेण्याच्या काही करारांवर बंदी घातली. हेही ग्रुपवर टाकलंय, भाऊजींनी अंगठ्याचा इमोजी टाकला फक्त.

तर तुम्ही काय करायचं? आधी कमिटीकडे तो करार मागा, द्यायला कां-कूं केली तर समजून जा. मग सह्या.

फक्त एक, नावं दोन असली म्हणजे कंपन्या दोन असं नाही, कधी कधी दोन्ही एकाच्याच वायरवर चालतात, तिथे घंटा फरक पडत नाही. बॉक्स वेगळा बसतोय का ते बघा. आणि दोघी एकदा स्थिरावल्या की दर हळूहळू सारखेच होतात, आमच्याकडे वर्षभराने दोघींनीही वाढवले. वर्षभराचे पैसे एकदम भरू नका. मी स्वतः अजून जुन्याच कंपनीकडे आहे, हे भाऊजी दर सणाला ऐकवतातच.

आणि हो, दर दोन दिवसांनी नेट जातं म्हणताय ते राउटरचा अडॅप्टर बदलून बघितलंय का? तो कमजोर झाला की राउटर आपोआप बंद-चालू होत राहतो. आधी ते बघा, मग सह्यांना लागा.